शेवटची दाढ

परवा तेरला आत्याकडे गेलो होतो. गोरोबाकाकांच्या देवळात जाऊन आलो, जेवायला बसलो, तर आत्याची खालची कवळी रुमालात गुंडाळून कोनाड्यात! भाकरी दुधात कुस्करून खाणं चाललेलं. "जेवताना नाचती रं बाबा ती," म्हणाली. ही कवळी मीच केलेली, नवानवा डॉक्टर झालो तेव्हा. भाच्याने केली म्हणून बिचारी इतकी वर्षं बोलली नाही.

एका जबड्यात दात सोळा. कुठले आहेत, कुठले नाहीत याच्या शक्यता मोजल्या तर ६५,५३६ होतात. १९२५ साली एडवर्ड केनेडी या अमेरिकन दंतवैद्यांनी त्या चार वर्गांत बसवल्या. पहिल्यात दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नाहीत, दुसऱ्यात एकाच बाजूच्या. तिसऱ्यात रिकाम्या जागेच्या मागेपुढे दात उभे. चौथ्यात समोरची, मधली रेषा ओलांडणारी खिंड. आम्ही हे पाढ्यासारखं पाठ केलं, मार्कही मिळवले. घासाचं वजन कोण पेलणार हे तो वर्ग सांगतो, ते मात्र उशिरा उमगलं. पहिल्या-दुसऱ्या वर्गात मागे आधाराला नुसती हिरडी. हिरडी दबते, दात जवळजवळ दबत नाही, म्हणून कवळी डुलते.

पुढे ॲपलगेट यांनी या वर्गीकरणाला नियम जोडले. त्यातला पहिलाच असा, की काढायचे दात काढून झाल्यावर वर्ग ठरवा. माझं मत असं, की हा नियम उलटाही वाचावा. पक्कड हातात घेण्याआधी, हा दात गेला तर पेशंट कुठल्या वर्गात जाईल ते बघावं, आणि त्याला साध्या भाषेत सांगावं.

आत्याच्या उजवीकडे मागच्या दाढा नव्हत्याच. डावीकडच्या मधल्या दोन गेल्या होत्या, पण शेवटची उभी होती. म्हणजे दुसरा वर्ग. ती दाढ किडलेली, पण हलत नव्हती. रूट कॅनालसाठी तीन-चार खेपा झाल्या असत्या. "एकदाच काय ते नीट करू," म्हणून मी ती उपटली, आणि आत्या पहिल्या वर्गात गेली. केसपेपरवर वर्ग मात्र अगदी बिनचूक लिहिला होता!

गोरोबाकाकांनी थापटीने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट तेरात पोरंही सांगतात. पण कच्चं ठरलेलं मडकं कुणी फोडलं नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. असो.

इम्प्लांटचं नाव काढलं, तर आत्या म्हणाली, "या वयात कशाला रे खर्च?" मग कवळीला आतून नवा थर देऊन बघायचं ठरलंय. सोमवारी तिला घेऊन येतोय.