पावसाळ्यात ज्यांना आपली गरज नाही, अशी झाडे

कोल्हापुरात बाग करणे तसे अवघड नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचे हे शहर. उन्हाळा सोसवेल इतका, थंडी भाजीपाल्याला मानवेल इतकी आणि पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेस गगनबावड्याकडे जावे तसतसा तो कित्येक पटींनी वाढत जातो. अशा हवेत कुंडीतले रोप सुकण्यापेक्षा मुळे कुजून जाण्याचे भय अधिक. आणि वाचकहो, ज्या चार महिन्यांत झाडाची मुळे कुजतात, त्याच चार महिन्यांत अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरते.

वृद्ध व्यक्ती एकदा घसरली, खुब्याचे हाड मोडले, की घरात ठराव होतो: आता बाग पुरे. मुलांची भीती खोटी नसते. परंतु चाळीस वर्षे ज्या हातांनी माती कालवली, त्यांच्याकडून सकाळचे ते एक काम काढून घेतले तर दिवसाचा आकारच मोडतो; उठण्याला कारण उरत नाही. म्हणून बाग बंद करण्याऐवजी तिचे वेळापत्रक बदलावे, असे आम्ही सुचवितो. हाताला काम मागणारी झाडे दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठेवावीत, आणि मृगापासून हस्तापर्यंत बागेत अशीच झाडे असावीत ज्यांच्याकडे खिडकीतून पाहिले तरी पुरे.

अशी झाडे आपल्या भागात पुष्कळ आहेत. तेरडा घ्या. त्याच्या शेंगा फुटून बी स्वतःच उधळते आणि पुढल्या वर्षी पहिल्या पावसाबरोबर रोपे आपोआप उगवतात. गौरीच्या वेळी फुले हाताशी असतात. सोनटक्का ओलीतच सुखी. कंद एकदा लावला की वर्षानुवर्षे पसरतो, आणि दृष्टी मंदावलेल्यांना त्याचा गंध संध्याकाळी खोलीत येऊन भेटतो. कर्दळ, जास्वंद, अनंत, परड्याच्या कडेला प्राजक्त, सांडपाण्याच्या जागी अळू आणि दाराशी गवती चहा. अळू मात्र चिंच घालून नीट शिजवावे, नाहीतर घसा खाजतो; ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू आणि पालक या दोहोंचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दोडका, कारले, पडवळ हे वेलही पावसाळ्यातलेच. पण ते मांडवावर चढवले की फळ काढण्यासाठी कोणीतरी स्टुलावर चढते, आणि ते कोणीतरी बहुधा घरातले सर्वांत वयस्कर माणूसच असते. खांद्याइतक्या उंचीची जाळी बांधा. वेल तेवढ्यावर भागवतो. शेवग्याची फांदी ठिसूळ, ओल्या वाऱ्यात सहज मोडते. बसण्याच्या जागेवर ती येऊ देऊ नये.

वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की एखाद्या कोरड्या दिवशी, घरातील तरुण माणसाकडून, सारी फरशी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्यावी. रोपे विकत आणण्याआधीचे हे काम आहे. पावसाळ्यात शेवाळ पुन्हा धरेल, तेव्हा पुन्हा घासावे. आपली काळी माती भिजली की चिखल होते आणि वाळली की भेगाळते; कुंडीसाठी तीत तितकेच शेणखत आणि तितकीच जाड वाळू मिसळावी, तळाशी विटांचे तुकडे घालावेत. जूनपासून कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच ठेवाव्यात. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि वाळलेल्या कडेला चिकटलेली अंडी महिनोन्महिने टिकून राहतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आठवड्याला घासावे लागते.

पंचगंगेच्या जवळ राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर विसरण्यासारखे नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागले की कुंड्या वाचवण्याच्या नादात वृद्धांनी तळमजल्यावर घुटमळू नये. पूर ओसरल्यावर त्या मातीतली उभी पालेभाजी खाऊ नये, आणि चिखलात अनवाणी उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या लहानशा चिरेतूनही शरीरात शिरतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर काटा रुतल्याचेही कळत नाही. अशांनी बारा महिने बंद चप्पल घालावी व रात्री कोणाकडून तरी तळपाय पाहून घ्यावेत. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, ही गोष्ट बागेत रमणाऱ्या कित्येकांच्या ध्यानात नसते.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस मागे हटतो आणि हातांचे दिवस सुरू होतात. गुलाबाची छाटणी आता करावी. मेथी, कोथिंबीर, पालक पसरट क्रेटमध्ये पेरावीत. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजी मिळते. धीर थोडा उरलेल्या वयाला हे पीक फार मानवते. (रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवू वा थांबवू नये, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे.) शेवंतीची तयार रोपे याच वेळी आणणे सोपे, घरी वाढवायची तर तिला पावसाचे चार महिने आडोशाखाली काढावे लागतात.

क्रेट जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या कट्ट्यावर ठेवावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस खाली वाकून एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हाळ्यात पाणी घालताना भरलेली बादली उचलू नये. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. तांब्या-दीड तांब्या, तोही सकाळी, आणि आधी बोट मातीत खुपसून ओल पाहून. उन्हाळ्याचे आमचे आवडते झाड मोगरा. पौषात त्याचे पाणी तोडावे, थोडी छाटणी करावी आणि माघात खत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. चैत्रात कळ्या वेचायला खुर्चीत बसूनही हात पोचतो.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची शुश्रूषा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी रोपवाटिकेत जाण्यापूर्वी घरातली जुनी झाडे एकदा तपासावीत. लाल कण्हेर आणि पिवळी कण्हेर या दोन्हींचे विष हृदयावर चालते. पानांवर पांढरे ठिपके असलेले, शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवले जाणारे डिफेनबेकिया चावले गेले तर जीभ सुजते. गुलबाक्षीचे काळे बी तर हुबेहूब मिरीसारखे दिसते, आणि तेही विषारी. ही झाडे नातवंडांच्या आणि अशा व्यक्तीच्या हाताशी नसावीत. त्यांच्या जागी तुळस, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा लावावा. पान तोडून हुंगले, चुकून चघळले, तरी धावपळ करावी लागत नाही. आणि मेथीची जुडी काढली की निवडायला त्यांच्याच पुढ्यात ठेवावी. नावे विसरलेल्या माणसाचे हातही पुष्कळदा मेथी निवडणे विसरलेले नसतात.