नियमात बदल करण्याचा अधिकार

दिवाळी आटोपली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की आमच्या वऱ्हाडात कबड्डीच्या खुल्या सामन्यांची पत्रके भिंतीभिंतींवर दिसू लागतात. अमरावतीहून अकोल्याला एस.टी.ने निघा, वाटेत एखाद्या फाट्यावर पत्रक दिसणारच. वर महापुरुषाचे चित्र, खाली हात जोडलेले पुढारी, मग बक्षिसांचे आकडे ठळक अक्षरांत. आणि सगळ्यात शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ : ‘नियमात बदल करण्याचा अधिकार मंडळाकडे राहील.’

मंडळी, आजचे माझे भांडण या ओळीशी आहे.

मी काही क्रीडाशिक्षक नव्हे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण लहान गावातल्या शाळेत ‘हा माझा विषय नाही’ असे म्हणायची सोय नसते. पोरांचे संघ घेऊन तालुक्याला, जिल्ह्याला पुष्कळ हिंडलो. शाळेच्या सामन्यांत चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील असे गट, मुख्याध्यापकांच्या सहीचा फॉर्म, जन्मतारखेचा दाखला, सगळे कागदावर. तिथेही लबाड्या होत, नाही असे नाही. पण लबाडीला लबाडी म्हणता येत होते, कारण नियम आधी लिहिलेला होता. गावच्या खुल्या सामन्यांत तेवढेही उरत नाही. ती एक ओळ सगळे गिळून टाकते.

काय काय गिळते ते सांगतो.

पहिली गोष्ट, खेळणार कोण? पत्रकावर संघ असतो गावाचा. मैदानात बघावे तर सातांपैकी चार जण परजिल्ह्यातले, रात्रीपुरते आलेले. परवा दुसऱ्याच गावाकडून खेळले, उद्या तिसऱ्याच गावाकडून खेळतील. गावातली पोरे वर्षभर पहाटे उठून मातीत घाम गाळतात आणि सामन्याच्या रात्री पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतात. एका गावात मी डोळ्यांनी पाहिले आहे, एकच चढाईपटू दुपारी एका संघाकडून हरला आणि रात्री दुसऱ्या संघाकडून उपांत्य फेरीत उतरला! हरकत घेतली तर मंडळाचा माणूस म्हणतो, ‘गुरुजी, मंडळाने परवानगी दिली आहे.’ कधी दिली? तर आत्ता!

दुसरी गोष्ट वजनाची. आमच्याकडे वजनगटाचे सामने लोकप्रिय आहेत, पंचावन्न किलो, साठ किलो वगैरे. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने तारीख टाकत, त्यामुळे निम्मे गाव १ जूनला नाहीतर १ जुलैला जन्मलेले! कागदावरच्या वयापेक्षा काटा खरा. पण तो काटा सगळ्यांसाठी एकच आणि सर्वांसमोर हवा. सकाळी एकदा वजन घ्यायचे, हातावर शिक्का मारायचा आणि रात्री शिक्का तपासायचा नाही, म्हणजे काटा असून नसल्यासारखाच. राष्ट्रीय पातळीवरदेखील पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा आहे. ती कोणाची हौस म्हणून नव्हे. पंचावन्न किलोच्या पोराच्या गुडघ्यावर सत्तर किलोचा गडी पडला तर काय होते, ते पोराच्या आईला विचारा.

तिसरी गोष्ट सामन्यांची जुळवणी. समजा तेवीस संघ आले. बाद पद्धतीत बत्तीसची चौकट धरावी लागते, म्हणजे नऊ संघांना ‘बाय’, म्हणजे पुढे चाल द्यावी लागते. कोणाला द्यायची याचीही ठरलेली रीत आहे. चिठ्ठ्यांनी क्रम लागला की पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथा वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला, असे पुढे. पण चिठ्ठ्या सर्वांसमोर निघाल्या तर ना! मंडळाचा स्वतःचा संघ दर वर्षी पुढे चाल घेऊन दुसऱ्या फेरीत ताजातवाना कसा उतरतो, हे कोडे त्या चिठ्ठ्यांनाच ठाऊक.

माझा भाचा अकोल्याला असतो, हाडाचा कबड्डीवाला. तो म्हणतो, ‘मामा, तुमी काऊन एवढे तापता? लोकं चढाया पाहाले येतात, रेशनकार्ड पाहाले नाही!’

मुद्दा खोटा नाही. चांगला खेळ बघायला मिळावा, त्यातून गावच्या पोरांनी शिकावे, वर्गणीचे चीज व्हावे, हे मलाही हवेच. बाहेरचा खेळाडू आणणे पाप आहे असे मी म्हणतच नाही. आपल्या विदर्भाच्या क्रिकेटचेच बघा. वसीम जाफर मुंबई सोडून २०१५ मध्ये विदर्भाकडे आला. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा तो संघात होता. २०२४-२५ च्या विजेत्या संघात कर्नाटकचा करुण नायर होता. कोणी बोट दाखवले का? नाही. कारण पाहुणे खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा आहे, जुन्या संघटनेचे ना-हरकत पत्र लागते आणि एका मोसमात दोन संघांकडून त्याच स्पर्धेत फिरता येत नाही. पाहुणा दारातून आला तर पाहुणा, खिडकीतून आला तर दुसरेच काही.

निकालाच्या नियमांचेही तसेच. त्याच २०२४-२५ च्या मोसमात उपांत्य सामन्यात गुजरातच्या ४५५ धावा आणि केरळच्या ४५७. पाच दिवस खेळून सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या दोन धावांच्या आघाडीवर केरळ अंतिम फेरीत गेले! तिथे नागपूरला विदर्भाने ३७९ विरुद्ध ३४२ अशा आघाडीवर करंडक घेतला. दोन धावांनी बाहेर जाताना गुजरातला काय वाटले असेल! पण नियम पहिल्या दिवसापासून माहीत होता. २०१९ च्या विश्वचषकात तर धावा बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि इंग्लंड चौकार-षटकारांच्या संख्येवर विजेते. नियम मला वाईटच वाटला, जगालाही वाटला. आयसीसीने तो बदललाही, पण स्पर्धा संपल्यावर, पुढच्या स्पर्धांसाठी. वाईट नियमदेखील आधी सांगितलेला असेल तर हरणारा मान ताठ ठेवून घरी जातो. सामना चालू असताना बदललेला चांगला नियमसुद्धा अन्यायच.

हौशी खेळाच्या नावाखाली ढोंग सगळ्या जगात झाले आहे. टेनिसमध्ये १९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत आणि त्याच हौशी मंडळींना टेबलाखालून पाकिटे मिळत. शेवटी पडदा दूर करून सर्वांना खेळू दिले, तेव्हा खेळ मोकळा झाला. त्याहून जुनी गोष्ट जिम थॉर्पची. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके मिळवली. पूर्वी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता म्हणून १९१३ मध्ये ती काढून घेतली. हरकत घेण्याची मुदत तीस दिवसांची होती, ती केव्हाच उलटून गेली होती! इतर पोरे खोट्या नावाने खेळत, हा खऱ्या नावाने खेळला म्हणून सापडला. पूर्ण न्याय मिळायला २०२२ उजाडले, तो तर १९५३ मध्येच वारला होता. नियम असूनही वरच्यांनी तो मोडला की असे होते. मग नियमच नसेल तर?

कोणी म्हणेल, गावच्या सामन्यासाठी एवढे कशाला? तर अशासाठी, की खेळ आता नुसती करमणूक राहिलेला नाही. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. गावचे ढाल-करंडक त्यात मोजले जात नाहीत, हे खरे. पण पोराला पहिली सवय लागते ती गावच्या मैदानावर. नाव बदलून खेळले तर चालते हे तिथे शिकलेले पोरगे पुढे कागद बदलायला कचरेल का?

म्हणून माझे मागणे थोडके आहे :

१. बारा खेळाडूंची यादी स्पर्धेच्या आदल्या दिवशी फळ्यावर लागावी. त्यात बाहेरचे दोनच, तेही नावागावासह.
२. एक खेळाडू, एक संघ.
३. वजन प्रत्येक दिवशी, सर्वांसमोर, एकाच काट्यावर.
४. चिठ्ठ्या सर्व कप्तानांसमोर, शक्यतो लहान मुलाच्या हाताने.
५. बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया, मग सुवर्ण चढाई, हे आधीच छापावे.
६. हरकत सामना संपल्यावर अर्ध्या तासात, लेखी. नंतर नाही.

आणि जमल्यास गटवार साखळी ठेवा. बत्तीस संघांच्या बाद सामन्यांत सोळा संघ एक सामना खेळून घरी जातात. चार-चारचे आठ गट केले तर गटांत ४८ आणि गटविजेत्यांचे ७, असे ५५ सामने होतात. चाळीस मिनिटांचा एक धरला तर दोन मैदानांवर एकोणीस तासही लागत नाहीत, म्हणजे तीन रात्री. भाड्याने टेम्पो करून आलेल्या पोरांना निदान तीन सामने तरी मिळतील.

आमच्याच अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने परदेशी लोकांना आपले देशी खेळ दाखवले. ज्या मातीतून ती मंडळी गेली, तिथल्या पोरांना आपण आज ‘मंडळ म्हणेल तसे’ हा एकच नियम शिकवायचा का?

नियम बदलायचा अधिकार मंडळाकडे जरूर असू द्या. फक्त पत्रक छापायच्या आधी.

असो. आपल्या गावी काय चालते ते अवश्य कळवा.

ता.क. : भाच्याला हे वाचून दाखवले. म्हणाला, ‘मामा, दोन नाही, तीन करा.’ चला, तीन! पण नावे फळ्यावर लागलीच पाहिजेत.