नाकारणारा कोण?

शेतकरी-कारागीर बांधवहो! सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. बारावीस बसणारे आपले पोर बारा वर्षे ती भाषा शिकते, तरी त्याला चार ओळींचा अर्ज स्वतः लिहिता येत नाही. पोर मठ्ठ आहे काय? मुळीच नाही! त्याच्याकडून गाईडातील पत्रे घोकून घेतली. ‘राम आंबा खातो’ याचे ‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’ असे इंग्रजीत शंभरदा उलटेपालटे करविले. पण ही कर्मणी रचना कशास असते, हे कोणी सांगितले नाही!

विम्याच्या कंपनीचे पत्र येते, ‘युवर क्लेम हॅज बीन रिजेक्टेड’. दावा नाकारला गेला, एवढे कळते. नाकारणारा मात्र वाक्यात नसतोच! कर्ता लपविण्याची सोय ती हीच.

व्याकरण हे हत्यार आहे. विळ्याचे नाव घोकून कणसे कापली जात नाहीत. म्हणून उजळणीच्या दिवसांत पोरास रोज एक खरे पत्र वाचावयास द्या, त्यातील दडलेला कर्ता शोधावयास लावा आणि ‘कोणी नाकारले? का नाकारले?’ असे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहवून घ्या. गुण तर मिळतीलच. शिवाय घरात जाब विचारणारा तयार होईल!