औषध देणारा हात

रुग्णसेवेसाठी दान देताना आपल्या व्यापारी समाजाने हात कधी आखडता घेतलेला नाही. दवाखान्यातील खोली, रुग्णवाहिका, नेत्रशिबिर, गरजू रोग्याच्या औषधाचा खर्च, अशा कोणत्याही कामी आपले बांधव मागे राहत नाहीत, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि या सर्व दानांत एक जागा रिकामी राहत आली आहे. तिकडे सभासदांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच. डॉक्टर औषध लिहून देतात, औषधाचा दुकानदार ते विकतो. परंतु ते रोग्याच्या पोटात जाते ते तिसऱ्याच हाताने. हा हात कधी परिचारिकेचा, कधी वॉर्डातील मदतनिसाचा आणि हल्ली पुष्कळदा घरी दिवसपाळी-रात्रपाळीस येणाऱ्या बाईचा असतो. मुले पुण्यास, बेंगळूरला किंवा परदेशी, आणि निपाणीच्या वाड्यात वृद्ध आईवडील, असे चित्र आता घरोघर दिसते. या तिसऱ्या हाताला शिकविण्यासाठी आपण आजवर काय खर्च केले?

हा प्रश्न केवळ काल्पनिक भीतीचा नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, रुबेला प्रतिबंधक लस टोचल्यानंतर तीन तान्ही बालके दगावली. लस हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवली गेल्याचे प्राथमिक चौकशीत आढळल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांतून आल्या, आणि परिचारिका व औषधनिर्माता यांना निलंबित करण्यात आले. या लसीने देशोदेशी असंख्य मुलांचे रक्षण केले आहे. त्यामुळे त्या घटनेवरून लसीलाच दूषण देणे खचित अन्यायाचे ठरेल. परंतु दोघांना निलंबित करून प्रश्न मिटला असे मानणे हेही भाबडेपणाचेच. औषध कितीही उत्तम असो, ते ठेवणारा, मोजणारा आणि देणारा हात अशिक्षित राहिला तर त्याचे विष होण्यास वेळ लागत नाही.

व्यापाऱ्याला मापाचे महत्त्व सांगावयास नको. १९५८ च्या ऑक्टोबरात देशात किलोग्रॅम येऊ लागला तेव्हा शेर-पावशेराची सवय सुटता सुटत नव्हती, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. आज मधुमेही रोग्याच्या घरी तशीच दोन मापे एकत्र नांदत आहेत. इन्सुलिनच्या आपल्याकडील नेहमीच्या बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट औषध असते. पेनच्या काडतुसात मात्र बहुधा १००. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० च्या मापाची लाल टोपणाची, १०० च्या मापाची नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतील औषध १०० च्या सिरिंजने चाळिसाच्या खुणेपर्यंत भरले, तर रोग्यास १६ युनिटच मिळतात. उलट काडतुसातील औषध ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात १०० युनिट जातात, म्हणजे अडीचपट! पहिल्या चुकीने साखर चढत राहते. दुसरीने रोगी बेशुद्ध पडतो, प्रसंगी प्राणासही मुकतो. तराजूत असा फरक पडला असता तर आपण दुकान उघडे ठेवले असते काय?

असेच आणखी एक उदाहरण. संधिवातावर देतात ते मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज दिले गेल्याने रोगी दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. ही चूक टाळण्यास डॉक्टरची पदवी लागत नाही. वार स्पष्ट लिहिलेला असावा आणि देणाऱ्यास तो वाचता यावा, एवढेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांतील चुकांविरुद्ध मोहीम जाहीर केली, तेव्हा या चुकांपायी जगाचे दरवर्षी सुमारे ४२ अब्ज डॉलर खर्ची पडतात असा अंदाज दिला होता. गेलेल्या जिवांची किंमत अर्थातच कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. डॉक्टर चिठ्ठीवर ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहितात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आजींच्या बाबतीत ही वेळ कोणती समजावयाची? रात्रपाळीची बाई नऊ वाजता येते आणि चिठ्ठीप्रमाणे गोळी पुढे करते. जेवण होऊन तीन तास उलटलेले असतात, आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम असेल तर आजी ती गोळी उशाखाली सारतात. पर्युषणात किंवा दशलक्षणात याहून कठीण प्रसंग येतो. उपवासाच्या दिवशी साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणेच दिले गेले, तर घाम, थरथर, असंबद्ध बोलणे आणि पुढे बेशुद्धी ओढवते. उलट बाईने आपल्याच मनाने औषध बंद करणेही तितकेच घातक. व्रताचा संकल्प घरात होतो, पण तो डॉक्टरांच्या कानी आधी जावयास हवा. मग ते मात्रा बदलून देतात, अथवा उपवास करू नका असे स्पष्ट सांगतात.

कॅप्सूलचीही अशीच गोष्ट. तिचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेले असते. म्हणून काही घरांतून ती फोडून आतली पूड दुधात मिसळून दिली जाते. भावना योग्य आहे. उपाय मात्र प्रत्येक वेळी योग्य असतोच असे नाही. काही औषधांचे दाणे आम्लात टिकावेत अथवा दिवसभर हळूहळू विरघळावेत अशा रीतीने लेपलेले असतात. ते कुटले गेले की औषध वाया तरी जाते, नाही तर सारी मात्रा एकदम अंगावर येते. औषधनिर्मात्यास आधी विचारले तर बहुधा साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल सुचविता येते.

असा प्रश्न विचारावा, ही समज यावयास शिक्षण लागते. मदतनिसाने डॉक्टर व्हावे असा याचा अर्थ नव्हे. मात्रा ठरविणे, बदलणे, नवे औषध सुरू करणे हे तिचे काम नव्हे. इंजेक्शन तर शिक्षित परिचारिकेनेच द्यावे. रोग्याचे नाव व औषधाचे नाव चिठ्ठीशी ताडून पाहणे, वेळ आणि मात्रा तपासणे, रोगी नीट बसलेला असताना पाण्याबरोबर गोळी देणे, ती गिळली याची खात्री करणे आणि लगेच वहीत नोंद करणे हे तिचे काम. दिवसभराचा रोजमेळ संध्याकाळी आठवून लिहिणारा मुनीम आपण पेढीवर ठेवीत नाही. आणि चूक झालीच तर ती तत्काळ सांगण्याचे धैर्य तिला हवे. ओरडण्याच्या धाकाने लपविलेली चूक दुप्पट महागात पडते, हे घरमालकांनीही शिकावयास हवे.

सामान्य माणसाला हे साधेल काय, अशी शंका कोणी घेईल. देशाने ते साधून दाखविले आहे. १९९७ पासून क्षयरोग नियंत्रणाच्या सुधारित कार्यक्रमात अंगणवाडीच्या बाईने, शेजाऱ्याने, कधी दुकानदारानेही रोग्यास समोर बसवून गोळ्या दिल्या. प्रत्येक रोग्याच्या नावाची स्वतंत्र पेटी असे, आणि प्रत्येक मात्रेची नोंद कार्डावर होई. आपल्या शेजारच्या मिरजेत तर डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, आणि तेथे रुग्णसेवेबरोबर शिकविण्याचेही काम चालले. त्या मिरजेला निपाणी-बेळगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: शिकविलेली बाई चार पैसे जास्त मिळताच कोल्हापूर-पुण्यास निघून जाईल. जाईलही! आपल्या पेढीवर शिकून स्वतःचे दुकान काढणारे गुमास्ते काय थोडे झाले? म्हणून कोणी धंदा शिकविणे थांबविले नाही. आणि ती टिकावी असे वाटत असेल, तर शिकलेल्या हाताला शिकलेल्याचे वेतन द्यावे. स्वस्तातली बाई शोधण्यात आपण जी हुशारी दाखवितो, ती मला तरी फारशी भूषणावह वाटत नाही.

यास्तव माझी सूचना अशी की, संघाने यंदाच्या आरोग्यनिधीतील काही भाग इमारतीऐवजी शिक्षणवर्गासाठी राखून ठेवावा. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयेही आहेत. शिक्षक मिळण्यास अडचण पडू नये. वर्ग बेळगावात आणि निपाणीत निरनिराळे भरवावेत. निपाणीस शिकविणे मराठीत व कन्नडात, दोन्ही भाषांत व्हावे, कारण रोग्याची भाषा एक, मदतनिसाची दुसरी आणि औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी, अशी आपल्या सीमाभागाची नित्याची स्थिती आहे. घरोघर वाटण्यासाठी दोन्ही भाषांतील नोंदवही छापावी. तीत ‘सकाळी-दुपारी-रात्री’ यांच्या जोडीला ‘सूर्यास्तापूर्वी’ असा एक रकाना ठेवावा, आणि उपवासाच्या तिथींसाठी डॉक्टरांच्या सहीची जागा सोडावी. भाद्रपदापूर्वी पहिली तुकडी बाहेर पडावयाची असेल, तर वर्ग चैत्रात सुरू होणे इष्ट.