लेकीचे साइनबोर्ड

आमच्या ऑफिसात एक प्राणी आहे. रोज साडेपाचच्या ठोक्याला बॅग उचलतो आणि गायब. फ्रायडेला कॉलेज रोडला कॉफी? नाही. संडेला सकाळी मिसळ? नाही. पावसाळ्यात अख्खं नाशिक गंगापूर डॅमच्या रस्त्याला लागतं, तेव्हाही हा नाही. एचआरने सगळ्यांना फिटनेस बँड वाटले, ह्याने तो ड्रॉवरमध्ये टाकला. मनगटावर तेच जुनं, स्टीलच्या साखळीचं घड्याळ. आम्ही त्याला ‘आजोबा’ म्हणायचो. तोंडावर. तोही हसायचा.

मार्च एंडच्या गडबडीत हा एक दिवस आला नाही आणि एक फाइल फक्त ह्याच्याच लॅपटॉपवर. मी गाडी काढली आणि इंदिरानगरला त्याच्या घरी गेले. दार त्याच्या आईनं उघडलं. आत गेले तर किचनच्या चौकटीला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, दोरीने एक चमचा लटकवलेला. बाथरूमच्या दाराला टॉवेलचा तुकडा. बाहेरच्या दाराला छोट्या सँडलचा पट्टा.

‘काय रे, फेंगशुई का?’ मी आपलं विचारलं.

‘नाही गं. लेकीचे साइनबोर्ड आहेत.’

त्याला मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. बाकी काही नाही. तीन वर्षं आम्ही शेजारी बसतो हो!

मुलगी साडेचार वर्षांची. अठ्ठावीसाव्या आठवड्यात जन्मली, जेमतेम अकराशे ग्रॅमची. एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. नंतर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सोडवतात. ह्याला आरओपी म्हणतात. वेळेत पकडलं तर लेझरने बऱ्याच वेळा नजर वाचते. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळे तपासायचे असा आपल्याकडचा दंडक आहे. ती जिथे काचपेटीत होती तिथे हे कोणी सांगितलंच नाही. घरी आणल्यावर दोन महिन्यांनी आजीच्या लक्षात आलं, बाळ दिव्याकडे बघत नाही. तोवर उशीर झाला होता. (तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये कुणाचं बाळ लवकर जन्मलं असेल तर बारशाच्या गिफ्टच्या आधी हा एक प्रश्न विचारा. आरओपी तपासलं का? आगाऊपणा वाटला तरी चालेल.)

आणि त्यावर सेरेब्रल पाल्सी. मेंदूला जन्माच्या आसपास झालेली इजा, त्यामुळे हातपाय कडक. ती बसते, पण टेकू लागतो. उजवा हात बऱ्यापैकी उघडतो, डावा मुठीतच. बोलत नाही. ऐकू मात्र छान येतं.

मी मनात बेरीज केली. एक अपंगत्व, दोन अपंगत्वं. अंधांची शाळा असते, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची असते, ह्यातली कुठली तरी निवडायची. ऑफिसात बसून आपण असंच सोपं करतो सगळं. तो दोन्हीकडे जाऊन आला होता. एका ठिकाणी म्हणाले, आमची मुलं चालतात, स्वतःचं स्वतः करतात, आधी ते शिकवा मग आणा. दुसरीकडे बाई प्रेमळ होत्या, पण सगळं शिकवणं फ्लॅशकार्डांवर. हा सफरचंद, हा हत्ती. अहो, पण तिला दिसत नाही.

गणित कुठे चुकतं ते त्याने मला किचनच्या ओट्याला टेकून समजावलं. नुसत्या अंध मुलाचे हात त्याचे डोळे होतात. ते रांगतं, चाचपतं, खुर्चीला आपटतं, खुर्ची कळते. हिचे हात उघडत नाहीत आणि पाय नेत नाहीत. उलट नुसती सेरेब्रल पाल्सी असलेलं, न बोलणारं मूल नजरेने बोलतं. पाण्याच्या चित्राकडे बघितलं की आईला कळतं. हिच्याकडे नजर नाही. म्हणजे एकातून सुटायची जी वाट, ती दुसऱ्याने बंद केलेली. म्हणून ह्या मुलांचं शिक्षण दोन शाळांचा अभ्यासक्रम एकत्र शिवून होत नाही. ते वेगळंच असतं, आणि खूप आधी, शाळेचं वय होण्याच्याही आधी सुरू व्हावं लागतं.

कारण बघा ना, आपल्याला पहिल्या दोन वर्षांत कोणी काही शिकवलं होतं का? आई कपाटाकडे गेली की डबा येतो, बाबांनी चावी घेतली की गाडी. हे आपण पाळण्यातून फुकटात बघितलं. हिच्यासाठी चमचा कुठून तरी हवेतून येतो आणि तोंडात घुसतो. कोणी तरी काही न बोलता उचलतं आणि अंगावर गार पाणी पडतं. तुमची ऑफिसची खुर्ची तुमच्यासकट न सांगता दिवसातून दहा वेळा कोणी उचलली तर? तुम्हीही किंचाळाल. ती किंचाळायची. नातेवाइकांनी निदान केलं, ‘हट्टी आहे. लाडावून ठेवलीय.’

तर ते साइनबोर्ड. जेवणाआधी तिला दर वेळी तोच चमचा हातात द्यायचा. आंघोळीआधी तोच टॉवेलचा तुकडा. बाहेर जायच्या आधी सँडलचा पट्टा. त्या त्या दारापाशी तीच खूण, म्हणजे कडेवर असतानाही हाताला लागते आणि कळतं आपण कुठे चाललो. मग ह्या वस्तू दिवसाच्या क्रमाने एका कप्प्यांच्या खोक्यात मांडायच्या. एक झालं की ती वस्तू संपलेल्यांच्या डब्यात टाकायची. तिचं आउटलुक कॅलेंडरच म्हणा की! ही पद्धत नेदरलँड्सच्या यान फान डाइक यांच्या कामातून आली. साठच्या दशकात ते रुबेलामुळे दृष्टी आणि ऐकणं दोन्ही गेलेल्या मुलांना शिकवत होते. रुबेला म्हणजे गरोदरपणी आईला होणारा तो साधा वाटणारा गोवरासारखा ताप. आपल्याकडे त्याच्या लशीची मोठी मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये झाली आणि आता गोवर-रुबेलाची लस नेहमीच्या लसीकरणात आहे.

मग दुसरं खोकं. प्लायवूडचं, तीन बाजू आणि वर छप्पर, ती आत पाठीवर झोपू शकेल एवढं. छपरातून लोंबतात घुंगरू, चाव्यांचा जुडगा, मण्यांची माळ, आणि भांडी बाजारातून आजीने आणलेल्या दोन पितळी वाट्या. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांची ही आयडिया, तिकडे तिला ‘लिटल रूम’ म्हणतात. कोणी बोलायचं नाही, हात धरायचा नाही, शाब्बास म्हणायचं नाही. तिचा हात चुकून वाटीला लागतो, वाटी वाजते. परत लागतो, परत वाजते. वस्तू जागच्या हलत नाहीत, म्हणून हळूहळू तिला कळतं की वाटी तिथेच असते आणि ती वाजली ती माझ्यामुळे. ‘आठ महिने लागले,’ तो म्हणाला. ‘आठव्या महिन्यात ती वाटीसाठी हात वर करायला लागली. मुद्दाम.’

आणि आपण क्वार्टरली टार्गेटवर रडतो.

लोक त्याला हमखास विचारतात, ब्रेल शिकते का? मीही विचारलं. आपलं अंधांचं सगळं ज्ञान ब्रेल, पांढरी काठी आणि नोटेवरच्या रेषा इथे संपतं. (त्या रेषा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच नोटांवर उठवल्या जातात. शंभरच्या नोटेला चार, पाचशेला पाच. हात फिरवून बघा.) ब्रेलचे सहा ठिपके बोटाच्या टोकाने वाचायचे तर आधी बोट उघडायला हवं, आणि त्याही आधी हाताला काही शोधावंसं वाटायला हवं. तिची ह्या तिमाहीची उद्दिष्टं मी फ्रिजवर वाचली. चमचा स्वतः धरणं, दोन घास. ‘पुन्हा’ हे सांगायला छातीवर हात थोपटणं. पाच मिनिटं स्टँडिंग फ्रेममध्ये उभं राहणं. प्रत्येक मुलाचा असा स्वतंत्र आराखडा करायचा असतो आणि तीन-तीन महिन्यांनी तपासायचा.

हे बनवून देणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. बहुविकलांग मुलांचं रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या. त्या दिवशीही आल्या होत्या. मी तिला खेळणं द्यायला तिचा हात पकडला, तर त्या म्हणाल्या, ‘ताई, वरून नका धरू. तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवा. तिला वाटलं तर ती तुमच्याबरोबर येईल, नाही वाटलं तर काढून घेईल.’ हातच डोळे असलेल्या माणसाचे हात पकडून ओढणं म्हणजे आपली मान धरून ‘हे बघ’ म्हणण्यासारखं. मला हे कधी सुचलंच नसतं.

महाराष्ट्रात हे काम नवीन नाही. मुंबईत बेरोज वाछा यांनी १९७७ साली हेलन केलर इन्स्टिट्यूट काढली. बहिऱ्या आणि अंध-बहिऱ्या मुलांसाठी, अंध-बहिऱ्यांसाठीची देशातली पहिली. आता तिचा मोठा कॅम्पस नवी मुंबईत महापेला आहे. नॅब तर १९५२ ची, आणि तिच्या महाराष्ट्र युनिटचं संकुल आपल्या सातपूरला आहे. अंधत्वाबरोबर इतर अपंगत्व असलेल्या मुलींसाठीची निवासी शाळाही ते चालवतात. त्या बाजूच्या रस्त्यावरून आपण एमआयडीसीत जाताना किती वेळा हॉर्न वाजवत जातो!

कायद्याच्या कागदावर ही मुलं उशिरा आली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार, त्यात ‘बहुविकलांग’ असा रकाना नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने त्यांना नाव दिलं, २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि हाही एक धरला गेला. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ म्हणून लाखभराची आरोग्य विमा योजना आहे, ती त्याने घेतलीय. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अशा मुलांना घरी शिकण्याचाही पर्याय मिळाला. ह्याबद्दल मला जरा धाकधूक आहे. घरी शिकायला घरी शिकवणारं कोणी तरी लागतं. नाही तर मूल हजेरीपटावर आणि प्रत्यक्षात खाटेवर, असं व्हायला कितीसा वेळ?

ह्याच्या घरी बाई येतात, आजी आहे, बायकोने नोकरी सोडलीय. तरी प्रश्न आहेच. कंपनीने त्याला बंगलोरची पोझिशन दिली होती, ती दोन मिनिटांत नाकारली. (आम्हाला वाटलं, आजोबा घाबरले.) पण नवी मुंबईला शिफ्ट व्हावं का, हे दीड वर्ष ठरत नाहीये. तिथे तिच्यासारखी मुलं, रोजची शाळा, थेरपी एका छताखाली. इथे तिला ओळखीचं झालेलं घर, अकरा पावलांचा पॅसेज, आणि आजीचा आवाज. साडेचार वर्षं लागली तिला एवढं जग जमवायला. ते पॅक करून टेंपोत घालायचं? बायको म्हणते जाऊ. आजी काही म्हणत नाही, भाजी निवडत बसते. सहा वर्षांची व्हायच्या आत ठरवायचं असं त्याने स्वतःला सांगितलंय.

फाइल मिळाली, चहा झाला. निघताना त्याने मला थांबवलं. ‘तिला सांगून जा. नाही तर तू अचानक नाहीशी होशील.’ प्रत्येक माणसाची एक खूण असते म्हणे. आजीची हिरव्या काचेच्या बांगड्या, बाईंची मऊ ओढणी. त्याची? त्याने तिच्या हाताखाली मनगट सरकवलं. तिची बोटं स्टीलच्या साखळीवरून एकेक कडी मोजल्यासारखी फिरली आणि ती हसली. आवाज न करता, अख्ख्या तोंडाने. तो फिटनेस बँड रबराचा आहे, गुळगुळीत. तो घातला तर बाबा हरवतो.

मी माझ्या हातातलं ऑक्सिडाइज्डचं कडं पुढे केलं. त्यावर जाड नक्षी आहे. तिने एकदा हात लावून काढून घेतला, मग परत लावला. मी छान थांबले, हात खालीच ठेवून. बाई म्हणाल्या, झालं, आता हीच तुमची खूण.

त्यानंतर मी चार वेळा जाऊन आलेय, बहुतेक शनिवारी. कडं माझ्या एकाही वेस्टर्न ड्रेसवर जात नाही. ऑफिसात परवा कोणी तरी विचारलंच, हे काय रोज तेच घालतेस? शेजारच्या खुर्चीतून आजोबांनी मान वर करून बघितलं आणि परत कीबोर्ड बडवायला लागले. साडेपाच वाजायला दहा मिनिटं होती.