बाईंना परत पाठवलं!

मुलांनो,

परवा आमच्या गावात रक्तदान शिबिर होतं. मी मोठ्या ऐटीत गेले आणि तशीच परत आले! हिमोग्लोबिन भरलं 11.8 आणि हवं किमान 12.5. वर्गात लगेच प्रश्न आला, "बाई, रक्त कमी पडतंय म्हणतात, मग तुम्हाला परत का पाठवलं?"

प्रश्न बरोबर आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं थोडी. साठवलेलं रक्तही फार तर 35 ते 42 दिवस टिकतं. मग नियम जरा सैल केले तर?

पूर्वी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे होते. गरजेपोटी कुणी आजार लपवी, कुणी पुन्हापुन्हा रक्त देई. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून हे बंद झालं. आता प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ, मलेरिया अशा रोगांसाठी तपासतात. पण अगदी ताजी लागण तपासणीतही निसटू शकते. म्हणून शिबिरातल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची. आणि माझ्यासारखीला परत पाठवतात ते माझ्याच तब्येतीसाठी!

पीठ कमी पडतं म्हणून कोणी चाळणीची भोकं मोठी करतं का? दळण जास्त आणतात. तसंच हे. नियम कडक हवेत, तर रक्तदातेही जास्त हवेत.

तुम्हाला 18 वर्षं पूर्ण व्हायला वेळ आहे. तोवर आई-बाबांना विचारा, "शेवटचं रक्त कधी दिलंत?" मी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. पुन्हा जाणार आहे!

– तुमच्या बाई