मोटारीला माफी, बसला दुप्पट! हा कुठला न्याय?



9 मे 2025 रोजी मुंबईत बेस्टच्या बसचं कमीत कमी भाडं 5 रुपयांवरून 10 रुपये झालं. एसी गाडीचं 6 चं 12 झालं. एका रात्रीत दुप्पट! आपली मजुरी अशी एका रात्रीत दुप्पट झालेली कुणी पाहिली आहे काय?

आम्ही गिरणीतली माणसं हिशेब बोटावर करतो. दिवसाला दोन खेपा, महिन्याला 26 खाडे न धरलेले दिवस. आधी 260 रुपये जात होते, आता 520 जातात. वर्षाला 3,120 रुपये जादा. घरात दोघं कामाला असतील तर 6,240. एवढी रक्कम मालकानं बोनसातून कापली असती तर आपण गेटवर ठाण मांडलं असतं. इथं ती दहा-दहाच्या नोटेनं खिशातून जाते, म्हणून आवाज होत नाही!

बरं, जाब विचारावा तर कुणाला? त्या दिवशी मुंबई महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. त्यांची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता.

कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, "बेस्ट तोट्यात आहे." हा तोटा शब्द जरा उलटापालटा करून बघा. मुंबईहून न्हावाशेव्याकडं जाणारा अटल सेतू 17,840 कोटींचा. जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. मोटारीला 500 रुपये टोल घ्यावा असा प्रस्ताव होता. मंत्रिमंडळानं तो निम्म्यावर, 250 वर आणला. दुचाकीला आणि रिक्षाला त्या पुलावर पाय ठेवायची बंदी! पुढं ऑक्टोबर 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर मोटारींचा टोल साफ माफ केला. त्या वेळी तोटा कुणाला आठवला नाही. सात महिने उलटले नाहीत तोच बसवाल्याचं भाडं दुप्पट. मोटारीत चौघं बसतात, बसमध्ये पन्नास-साठ माणसं लोंबकळतात. माफी चौघांना आणि दंड साठांना!

मंत्री म्हणतात, बेस्ट महापालिकेची, आमचा संबंध नाही. ठीक. 7 ऑगस्ट 1947 पासून बेस्ट महापालिकेची आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. विजेच्या मिळकतीतून बसची तूट भरून निघे, हेही ठाऊक आहे. 2003 च्या वीज कायद्यानंतर ती वाट आक्रसत गेली. कायदे वरच्यांनी करायचे, विहीर बुजवायची, आणि मग तहानलेल्याला म्हणायचं तुझं तू बघ!

महापालिकेनं तरी काय दिलं? 2025-26 चं तिचं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं, त्यात बेस्टला 1,000 कोटी. रुपयात दीड पैसासुद्धा नाही. राज्याचं त्याच सालचं अंदाजपत्रक 7 लाख कोटींच्या वर. तिथंही मुंबईची बस चालवायला कायमची तरतूद नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

आणि सरकारला बसचं तिकीट अंगावर घेता येत नाही असं थोडंच आहे? मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, उरलेल्या अर्ध्याचा भार सरकारी तिजोरीवर आहे. चांगलं केलं, आमच्या बहिणींचं भलं झालं. मग सातारची बहीण बहीण, आणि परळ-लालबागची बहीण कोण?

तुटीच्या नावाखाली आणखी काय चाललं आहे तेही बघा. जून 2019 मध्ये कामगार संघटनेशी करार झाला, बेस्टच्या स्वतःच्या 3,337 बसगाड्या राखायच्या. 2025 उजाडेपर्यंत त्या हजाराच्याही खाली आल्या. बाकी सगळा कंत्राटाचा कारभार. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी चालकांना पगारासाठी संप करावा लागला. गाडी तीच, रस्ता तोच, घाम तोच, पण पगार अर्धामुर्धा. बदली कामगार म्हणून उमेदवारी केलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आगारांच्या जमिनींवर इमले बांधून तूट भरायची भाषा सुरू आहे. बंधूंनो, ही भाषा आपण ऐकलेली आहे! 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक शहराला, एक घरांना, एक मालकाला. 2001 साली नियम फिरवला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. 2006 साली सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं. मालकांचे टॉवर उभे राहिले, आणि गिरणी कामगाराला घर दाखवतात शेलू-वांगणीला. घर लांब ढकलायचं आणि गाडीभाडंही वाढवायचं, म्हणजे दोन्हीकडून कातर!

हे राज्य 1 मे 1960 रोजी झालं ते कामगारांनी छातीवर गोळ्या झेलल्या म्हणून. त्याच्या विधानसभेत कामगाराच्या बसला जागा नसेल, तर ती मागून घ्यावी लागेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत :

1. राज्याच्या अंदाजपत्रकात शहर बससेवेसाठी दरसाल स्वतंत्र तरतूद करा.
2. एस.टी.प्रमाणे बेस्टमध्येही बायकांना अर्धं तिकीट द्या, भार सरकारनं उचलावा.
3. 3,337 बसगाड्यांचा करार पाळा. कंत्राटी चालक-वाहकाला समान कामाचा समान पगार द्या.
4. आगाराची एक इंचही जमीन बिल्डरच्या घशात घालू नका.

पुढच्या वेळी आमदारसाहेब चाळीत हात जोडून आले की चहा पाजा, पण एवढं विचारा : "साहेब, अंदाजपत्रकावर हात वर केलात, त्यात आमच्या बसला किती?" आकडा सांगता आला नाही, तर त्यांना परतीला बसनं पाठवा. थांब्यावर उभं राहिलं की सगळं आपोआप समजतं.

कामगार एकजुटीचा विजय असो!